गिलानुपट्ठाक : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे सेवक आणि त्यांचे कोमेजणे

पालि वाङ्मयात आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यास 'गिलानुपट्ठाक' अशी संज्ञा आहे. 'गिलान' म्हणजे ग्लान, आजारी. 'उपट्ठाक' म्हणजे जवळ उभा राहणारा. वैद्य येतो, रुग्ण पाहतो, औषध सांगतो आणि जातो. उपट्ठाक मात्र तेथेच असतो. रात्री रुग्ण उठला की तो उठतो, रुग्णाने अंथरूण भिजविले की ते तो बदलतो. या 'तेथेच असण्या'चा भार माणसाच्या मनावर काय परिणाम करतो आणि तो भार वस्तुतः कोणी वाहावयास हवा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यातही आम्ही येथे एकाच वर्गाच्या सेवकांचा विचार करणार आहोत : स्मृतिभ्रंश, म्हणजे ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, त्या विकाराच्या रुग्णांना वेतन घेऊन सांभाळणाऱ्यांचा.

बौद्ध विद्येच्या नियतकालिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. मुंबई-पुण्यात 'ब्युरो'मार्फत घरोघरी पेशंट सांभाळावयास जाणाऱ्या स्त्रियांत आपल्या वस्त्यांतील माताभगिनी किती आहेत, हे रविवारच्या वंदनेला बसणाऱ्या उपासिकांकडे पाहिले तरी ध्यानात येते. कित्येक जणी रात्रपाळी करून थेट विहारात येतात आणि त्रिसरण-पंचशील होताच भिंतीला टेकून झोपी जातात. त्यांच्या त्या झोपेचा अर्थ लावणे हे अट्ठकथेचा अर्थ लावण्याइतकेच आपले काम आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम विकाराविषयी. स्मृतिभ्रंश म्हणजे 'म्हातारचळ' नव्हे आणि वार्धक्याचा अटळ धर्मही नव्हे. मेंदूतील पेशींचा ऱ्हास घडविणाऱ्या निरनिराळ्या रोगांमुळे निर्माण होणारी ती अवस्था आहे. त्या रोगांतील सर्वांत प्रमुख जो अल्झायमर, त्याचे वर्णन जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात असे ५ कोटी ७० लाख रुग्ण होते. भारतापुरते पाहिले तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीने साठीपुढील लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे दाखविले. मुले परगावी वा परदेशी गेलेली, घरात दोन वृद्ध आणि त्यांतील एकाची ओळख हरवत चाललेली : अशा घरांतून ब्युरोला दूरध्वनी जातो.

येथे एक शब्दविचार नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही. 'सतिपट्ठान' या पदाची फोड अट्ठकथाकार 'सति' आणि 'पट्ठान' अशी करतात; तथापि संस्कृत बौद्ध ग्रंथांत त्याचे रूप 'स्मृत्युपस्थान' असे येते आणि त्यावरून 'सति' आणि 'उपट्ठान' ही फोड अनेक विद्वानांना अधिक ग्राह्य वाटते. म्हणजे स्मृतीजवळ उभे राहणे आणि रुग्णाजवळ उभे राहणे, या दोहोंना एकच शब्द आहे. स्मृतिभ्रंशातील 'स्मृती' ही धम्मातील 'सति' नव्हे, हा भेद वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावा. पण ज्याची स्मृती गेली त्याच्याजवळ उभे राहणाऱ्याला स्वतःच्या सतीचीच सर्वाधिक गरज लागते, हेही तितकेच खरे.

विनयपिटकाच्या महावग्गात, चीवरक्खन्धकात, शुश्रूषेस कठीण अशा रुग्णाची पाच लक्षणे दिली आहेत. तो हिताचे करीत नाही. हिताच्या गोष्टीतही मात्रा जाणत नाही. औषध घेत नाही. आपल्या आजाराची खरी स्थिती सेवकास सांगत नाही. आणि वेदना सोसू शकत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या ठायी ही पाचही लक्षणे एकवटलेली असतात, आणि त्यांतील एकाचाही दोष त्याच्याकडे जात नाही. तो स्नानास विरोध करतो, कारण आपले कपडे उतरविणारी ही परकी बाई कोण, हे त्याला उमगत नाही. जेवण होऊन दहा मिनिटे झाली नाहीत तोच आपल्याला उपाशी ठेवल्याची तक्रार तो करतो. सायंकाळ झाली की अनेकांची अस्वस्थता वाढते; 'मला घरी जायचे आहे' असे म्हणत ते स्वतःच्याच घराच्या दाराशी झगडतात. कधी मारतात, कधी चावतात. ठेवलेली वस्तू विसरतात आणि ती चोरीस गेली असे ठामपणे सांगतात. हा संशय रोगाचेच एक लक्षण असते. पण तो जिच्यावर येतो ती घरात परकी आणि गरीब असते. मग तिची पिशवी तपासली जाते.

इतर रोगांत शुश्रूषेला एक वळण असते : रुग्ण बरा होतो, चालू लागतो, निरोप घेताना दोन शब्द बोलतो. येथे तसे काही नाही. सेवा कितीही उत्तम झाली तरी रुग्ण दिवसेंदिवस खालावतच जातो, आणि शेवटी सेवा करणारीचा चेहराही त्याला परका होतो.

अशा कामातून माणसाच्या मनाचे जे होते त्याला पाश्चात्त्य मानसशास्त्रात 'बर्नआउट' असे नाव पडले आहे. जळून विझणे, असा त्याचा भाव. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यातील कार्यकर्त्यांची अवस्था पाहून हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. पुढे १९८१ मध्ये ख्रिस्तिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली आणि त्याचे तीन घटक सांगितले. पहिला, भावनिक रितेपण : देण्यासारखे आत काही उरलेच नाही अशी जाणीव. दुसरा, समोरच्या माणसाला माणूस म्हणून पाहणे थांबणे. मग आजी आजी राहत नाही, 'बेडवरचा पेशंट' होते. तिसरा, आपण करतो त्या कामाला काहीच अर्थ नाही अशी समजूत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या आपल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली, पण रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी कामासंबंधीची घटना म्हणून. हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. थकलेल्या सेविकेच्या मनात काही बिघडले आहे असे त्यात म्हटलेले नाही. बिघाडाचा उगम कामाच्या ठिकाणी शोधावा, असे त्यातून सुचविले आहे.

अर्थात हा थकवा पुढे खऱ्या मनोविकारात रूपांतरित होऊ शकतो. सुटीच्या दिवशीही मन उभारी धरीत नसेल, झोप उडाली असेल, जेवण नकोसे झाले असेल, जगणेच नकोसे वाटू लागले असेल, तर तो केवळ कामाचा शीण नव्हे. ते नैराश्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलिमानस' या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. हे वाक्य विहाराच्या फलकावर लिहावे, अशी आमची सूचना आहे.

आता पालि परंपरेने या अवस्थेकडे कसे पाहिले ते बघू. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात रचलेल्या विसुद्धिमग्गाच्या ब्रह्मविहारनिद्देसात प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू उघड असतो. करुणेचा दूरचा शत्रू विहिंसा, म्हणजे क्रौर्य. जवळचा शत्रू मात्र मित्राच्या वेषात येतो. करुणेचा असा जवळचा शत्रू म्हणजे आसक्तीतून येणारे दौर्मनस्य, शोक. दुसऱ्याचे दुःख दूर व्हावे ही इच्छा म्हणजे करुणा. दुसऱ्याच्या दुःखात स्वतः बुडणे हे तिच्यासारखे दिसते, पण ती करुणा नव्हे. त्याचप्रमाणे उपेक्खेचा, म्हणजे समचित्ततेचा, जवळचा शत्रू म्हणजे 'अञ्ञाणुपेक्खा' : न जाणल्यामुळे आलेली बेपर्वाई. मास्लाक यांचे पहिले दोन घटक या दोन जवळच्या शत्रूंशेजारी ठेवून पाहावेत. प्रथम सेविका रुग्णाच्या दुःखात बुडते. बुडून जीव गुदमरला की स्वतःला वाचविण्यासाठी दगड होते. पंधरा शतकांपूर्वीच्या ग्रंथात आजचे मानसशास्त्र सापडल्याचा दावा आम्ही करीत नाही. तशा दाव्यांचा आम्हांस कंटाळा आहे. तथापि निरीक्षण तेच आहे. ओल्गा क्लिमेकी, तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही असेच दिसले की दुसऱ्याच्या वेदनेशी केवळ समरस होण्याचा सराव केल्यास मनाचा त्रास वाढतो, आणि त्यानंतर करुणेचा सराव केल्यास तो उतरतो.

संयुत्तनिकायातील सेदक सुत्तात हाच प्रश्न एका खेळकऱ्याच्या दृष्टान्ताने मांडला आहे. बांबूवर कसरत करणारा गुरू शिष्य मेदकथालिकेला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, तसे नको. आपण दोघांनी आपापला तोल सांभाळावा, तरच खेळ सुखरूप होईल. तथागतांनी येथे शिष्याचा पक्ष उचलून धरला. (मूळ पालीत त्या गुरूस 'चण्डालवंसिक' म्हटले आहे, शब्दच त्याचे समाजातील स्थान सांगतो.) परंतु सुत्त तेथे संपत नाही. स्वतःचे रक्षण करणारा इतरांचे रक्षण करतो, हे सांगून तथागत दुसरी बाजूही मांडतात की इतरांचे रक्षण करणाराही स्वतःचे रक्षण करतो. आणि ते कशाने, तर क्षमाशीलतेने, अहिंसेने, मैत्रीने आणि अनुकंपेने. तोल एकट्याचा नसतो. बांबूवर दोघे असतात.

हे सांगण्याचे कारण असे की अलीकडे दमलेल्या सेवकांना ध्यानाचा उपदेश करण्याची एक रीत पडली आहे. माणसे कमी करावीत, पाळी लांबवावी आणि मग आठवड्यातून एकदा अर्धा तास आनापान शिकवावे, म्हणजे व्यवस्थेचे काम भागले. आनापानाविषयी आम्हांस आदरच आहे. पण बारा तास उभ्या असलेल्या स्त्रीला प्रथम बसावयास मिळाले पाहिजे. तथागतांनी काय केले ते पाहावे.

चीवरक्खन्धकातील कथा वाचकांस परिचित आहे. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही ती घेतली आहे. पोटाच्या विकाराने ग्रस्त झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. भगवान आनंदासह तेथे आले. तुझ्यापाशी कोणी उपट्ठाक नाही काय, असे विचारता तो नाही म्हणाला. का नाही, तर आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून. तेव्हा भगवंतांनी पाणी घातले, आनंदाने त्याला स्वच्छ केले, आणि एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. प्रवचनांत ही कथा बहुधा येथेच थांबते. महत्त्वाचा भाग पुढे आहे. भगवंतांनी संघ बोलावला आणि नियम घालून दिला : आजाऱ्याची सेवा उपाध्यायाने करावी, तो नसल्यास आचार्याने, मग शिष्याने, अंतेवासीने, मग सहाध्यायांनी, आणि यांपैकी कोणीच नसेल तर संघाने करावी. संघाने न केल्यास दुक्कट नावाची आपत्ती, म्हणजे दोष.

म्हणजे जबाबदारीची एक साखळी आहे आणि तिचे शेवटचे टोक एका दमलेल्या माणसाच्या हातात दिलेले नाही. ते संघाच्या हातात आहे, आणि चुकल्यास दोषही संघाला लागतो. आजच्या व्यवस्थेत साखळी उलटी फिरते. कुटुंब ब्युरोकडे बोट दाखविते, ब्युरो आपले कमिशन कापून सेविकेकडे, आणि रुग्णाच्या पाठीला जखम झाली की विचारले जाते, बाई काय करीत होती?

या उलट्या साखळीचा शेवट काय होतो हे ऑस्ट्रेलियातील एका प्रकरणात स्पष्ट दिसले. ॲडलेड शहरातील ओकडेन येथे मानसिक विकार आणि तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांसाठी शासनाचेच केंद्र होते. २०१७ साली बाहेर आलेल्या अहवालात तेथील हेळसांड, रुग्णांना बांधून ठेवण्याचे प्रकार आणि प्रशिक्षण व देखरेख यांचा अभाव उघड झाला. त्याच वर्षी केंद्र बंद झाले. त्यानंतर २०१८ मध्ये नेमलेल्या राजकीय आयोगाने देशभरच्या वृद्धसेवेची चौकशी केली आणि २०२१ च्या अंतिम अहवालात, प्रत्येक वृद्धामागे सेवकांचा किती वेळ असावा हे कायद्याने ठरवावे, असे सांगितले. त्याप्रमाणे ऑक्टोबर २०२३ पासून वृद्धनिवासांत प्रत्येक रहिवाशामागे दररोज सरासरी २०० मिनिटे आणि ऑक्टोबर २०२४ पासून २१५ मिनिटे, त्यांपैकी ४४ मिनिटे नोंदणीकृत परिचारिकेची, असे बंधन आले. या उपायाने तेथील सर्व दुःखे सरली असे नव्हे. पण करुणा मिनिटांत मोजून ती पुरविण्याचे बंधन संस्थेवर घालणे ही आम्हांस दुक्कट आपत्तीच्या जातीची गोष्ट वाटते. ब्रिटिश अभ्यासक टॉम किटवुड यांनी १९९७ सालच्या आपल्या ग्रंथात म्हटले होतेच की रुग्णाचे माणूसपण हिरावून घेणारे वर्तन बहुधा दुष्टाव्यातून येत नाही, ते सेवेच्या रीतीतच मुरलेले असते. आणि जी संस्था सेवकांना माणूस म्हणून वागवीत नाही तेथील सेवक रुग्णाला माणूस म्हणून वागवू शकत नाहीत.

आपल्याकडील हिशेब साधा आहे. बारा तासांची पाळी, आठवड्याचे सातही दिवस, म्हणजे ८४ तास. चोवीस तासांच्या कामाचा तर हिशेबच नको. खाडा केला की पगार कापतात आणि बदली बाई मिळाली नाही तर घरमालकीण रागावते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात जी सुधारणा झाली, तिने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. तो कामगार यंत्रासमोर उभा होता. जिच्यासमोर यंत्र नसून भांबावलेला माणूस आहे, तिच्याकडून आज त्याच्या पावणेदोन पट तास घेतले जातात, आणि ते चार भिंतींच्या आत असल्यामुळे कोणाच्या नजरेस येत नाहीत.

या कामाला जातीचा वास आहे, हेही बोलले पाहिजे. विनयात अयोग्य सेवकाची जी लक्षणे आहेत त्यांत मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना किळस करणे हे एक आहे. तथागतांनी किळस हा सेवकाचा दोष मानला आणि स्वतःच्या हाताने तो दूर करून दाखविला. आपल्या समाजाने उलट केले : किळस हा सभ्यतेचा गुण ठरविला आणि घाण काढण्याचे काम ठरावीक माणसांकडे लोटले. आजही ब्युरोची बाई दारात आली की प्रथम आडनाव विचारतात. आजोबांचे डायपर तिने बदलावे, पण चहाची कपबशी वेगळी ठेवावी, असा अनुभव सांगणाऱ्या उपासिका आम्हांस भेटल्या आहेत. असा अपमान ज्या कामात मिसळलेला आहे, तेथील थकव्याचे मोजमाप मास्लाक यांच्या प्रश्नावलीत पुरते मावेल असे आम्हांस वाटत नाही.

त्याच यादीत आणखी एक लक्षण आहे, 'आमिसंतर' : मैत्रीने नव्हे, लाभाच्या इच्छेने सेवा करणारा. यावरून कोणी म्हणेल, पगार घेणारी सेविका ही आमिसंतरच. हा अर्थ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचा पुरावा विनयातच, लगेच पुढच्या प्रकरणात मिळतो. भिक्खू मरण पावला तर त्याच्या वस्तूंवर संघाचा अधिकार असतो. परंतु सेवक फार उपकारक असतात असे कारण देऊन भगवंतांनी मृताचे पात्र आणि चीवर संघाकरवी त्याच्या सेवकांना देवविले. म्हणजे मैत्रीची अपेक्षा आणि मोबदल्याचा अधिकार यांत विनयाला विरोध दिसत नाही. ज्या अर्थी मैत्री हवी, त्या अर्थी मोबदला फुकट घालवावा, हा युक्तिवाद मालकांचा आहे.

त्या पात्रचीवराचा दुसराही एक अर्थ आम्हांस जाणवतो. रुग्ण गेला की कुटुंबाच्या सांत्वनाला लोक येतात. जिने तीन वर्षे त्याला भरविले तिच्या दुःखाला मात्र कोणी विचारीत नाही. केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा शोकाला मान्यता नाकारलेला शोक म्हटले. तेराव्याच्या किंवा पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती दुसऱ्या घरी, दुसऱ्या रुग्णाच्या उशाशी असते. संघाने सर्वांसमक्ष मृताचे पात्र सेवकाच्या हाती ठेवणे ही तो जवळ उभा होता याची नोंद होती. विहारातील पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सेविकेचे नाव घेऊन तिला पुढे बसवावे, त्या दिवसाचा तिचा खाडा कुटुंबाने भरून द्यावा, आणि वस्तीतील दोन-तीन जणींनी आळीपाळीने बदली म्हणून उभे राहण्याची व्यवस्था उपासिका संघाने करावी, एवढे तर उद्यापासून करता येण्याजोगे आहे.

वाटणीच्या या प्रकरणात एक उपप्रश्नही आला आहे. एका मृत भिक्खूची सेवा एक भिक्खू आणि एक सामणेर अशा दोघांनी मिळून केली होती. सामणेर वयाने आणि दर्जाने लहान. त्याला किती वाटा द्यावा, अशी शंका निघाली. भगवंतांनी निर्णय दिला की सेवा करणाऱ्या सामणेराला समान वाटा द्यावा.